बांधून ठेवलेली फांदी

टेकडीवरच्या करवंदाच्या जाळीत आज निळी नायलॉनची दोरी दिसली. एक फांदी मागे ओढून शेजारच्या झुडपाला बांधलेली. फांदीमागचं बुलबुलाचं घरटं भर उन्हात उघडं पडलं होतं. आत दोन पिल्लं वाळून गेलेली, त्यांना मुंग्या लागलेल्या.

दोरी कुणाची ते मला ठाऊक होतं. परवाच आमच्या पक्षिमित्रांच्या ग्रुपमधला सुधीर इथे नवख्यांना फोटोग्राफी शिकवत होता. जाता जाता कानावर पडलं होतं, "फांदी तोडायची नाही हं. नुसती बाजूला बांधायची, फोटो झाला की सोडायची."

पाखरांवर जीव असणारी माणसं ही. तोडणारा निदान शत्रू म्हणून ओळखू तरी येतो. यांना फक्त डोळे भरून बघायचं असतं, आणि मध्ये येते ती नेमकी त्या जिवाची सावली.

मी गाठ सोडली. फांदी सपकन जागेवर गेली. घरट्यावर गार सावली पडली.

घरी येऊन मोबाइल उघडला, तर ग्रुपवर सुधीरचा फोटो आलेला. चोची वासलेली दोन पिल्लं, डोळ्यांत उन्हाचा लखलखीत ठिपका. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "काय उजेड मिळालाय, वा!"