फॅन लावण्याआधी

“काकू, फॅन नको हां!” दार उघडताच ती आधी हे म्हणायची, मग चप्पल काढायची.

मुलांनो, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. डोंबिवलीत आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत ती राहायची आणि रांगोळीने माणसांचे चेहरे काढायची. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, शिकवणीची मुलं, सतत वाजणारी बेल. मोकळी फरशी म्हणून नव्हतीच. म्हणून माझा हॉल.

पाडव्याच्या रांगोळी प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. सराव म्हणून ती सासूबाईंचा चेहरा काढत होती. खिडक्या बंद, आम्ही घामाघूम. चिमटीतून रंग सोडता सोडता पुटपुटायची, “माझं काही खरं नाही.”

भिंतीपलीकडून हाक यायची, “अगं, माझं नाक नीट काढ गं!”

“जेवढं आहे तेवढंच काढते हो, आई!”

डोळे तेवढे राहिले होते. संध्याकाळी तुमचे आजोबा फिरून आले आणि सवयीने त्यांनी फॅनचं बटण दाबलं.

कपाळ, गाल, सगळं सोफ्याखाली. आजोबा बटणावर बोट ठेवून तसेच उभे.

“असू दे, काका. गाल तसाही फसलाच होता,” ती म्हणाली. मऊ कुंच्याने तिने सगळं गोळा केलं. दारात मात्र थांबली. “प्रदर्शनातून नाव काढून घेते, काकू. माझं खरंच काही खरं नाही.”

त्या रात्री आम्ही दोघं नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. तिच्या हातात रंगांचे डबे आणि एक बरणी. आदल्या दिवशीचे सगळे रंग मिसळून झालेला मातकट करडा.

“सावलीला हाच हवा होता मला. विकत नाही मिळत असा. कुकर लावून आलेय, शिट्ट्या ऐकाल ना?”

आजोबांनी बटणाखालीच खुर्ची टाकली. पेपरने वारासुद्धा न घेता बसून राहिले.

प्रदर्शनातही तिने सासूबाईंचाच चेहरा काढला. लोक त्या चेहऱ्यापाशी रेंगाळत होते. सासूबाईंनी तो मोबाईलवर पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “नाक बरं आलंय.”

आता ती कळव्याला राहायला गेली आहे. तो उकाडा आमच्या घराच्या वाट्याला आला, हे आमचं भाग्यच.

मागच्या सुट्टीत तुम्ही हसलात ना, आजी फॅन लावण्याआधी खाली का बघते म्हणून? अजूनही बघते. फरशी रिकामी दिसते. क्षणभर थांबते, आणि मग बटण दाबते.