वरून ओतलेलं पाणी

लोणावळ्याजवळ वलवणला आमच्या घरामागची खोली आम्ही भाड्याने देतो. मागे तिथे आफ्रिकेतून शिकायला आलेला एक मुलगा राहत होता. कॉलेज लांब पडतं म्हणून तो सोडून गेला, असं मी आळीत सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे.

खोलीत नळ नाही. पाणी अंगणातल्या पिंपातून घ्यायचं. आधीचे भाडेकरू आपलं आपण घ्यायचे. हा आला त्या दिवशी बायको माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या हबशाला पिंपात हात घालू देऊ नका हं." मी तिला गप्प केलं नाही. उलट त्या मुलाला मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, की आमच्याकडे पाणी घरमालकच देतो. रोज सकाळी तो बादली खाली ठेवायचा आणि मी तांब्या उंच धरून, बादलीला लागणार नाही असं, ओतायचो.

त्याला तो मान वाटला. म्हातारा माणूस आपल्यासाठी पाणी भरतो म्हणून तो मला बाबा म्हणू लागला. एकदा फोनवर त्याने मला आपल्या आईला दाखवलं. तिने पलीकडून हात जोडले. मी हातातला तांब्या हलवून हसलो आणि पुन्हा वरून ओतू लागलो.

नेमका तेव्हाच माझा रेल्वेतला जुना सोबती फाटकातून आत आला. आम्ही दोघे मावळातल्या तिकोणा पेठ गावचे. त्याचं घर बौद्ध. धर्मांतराच्या आधीपासून आणि नंतरही काही वर्षं त्याच्या आईला गावच्या विहिरीला शिवायची बंदी होती. ती घडा घेऊन लांब उभी राहायची आणि आमच्यातलं कुणीतरी वरून पाणी ओतायचं. पुष्कळदा मीच. पुढे नोकरीत आम्ही दोघे जेवणाच्या एकाच डब्यातून जेवलो, म्हणून ते मिटलं असं मी धरून चाललो होतो.

"भाऊ, हात अजून तेवढाच वर जातोय की," तो म्हणाला. "ह्या वयात खांदा दुखत न्हाई व्हय?"

"अरे, त्याला जरा पाणी..."

"बघितलं. आमच्या आईनं लय वर्सं बघितलं."

हे काय म्हणतात, असं मुलगा मला विचारू लागला.

"तुमीच सांगा त्येला," सोबती म्हणाला. "मी सांगितलं तर म्हनाल, भांडण लावून गेला." चहाला थांबला नाही.

दिवसभर मला चैन पडेना. त्या मुलाला जात नव्हती, तरी नुसता रंग पाहून माझ्या हाताने त्याला जागा नेमून दिली होती. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना आपल्याकडे हबशी म्हणत, हे मला ठाऊक होतं. तरी तो शब्द आमच्या घरात पिढ्यानपिढ्या शिवीसारखा चालला. माझे आजोबा लोणावळ्यात गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होते. पुढच्या पायऱ्या चढायची त्यांना मनाई होती. हा अपमान ते जन्मभर सांगत आणि सांगता सांगता आमच्या गड्याच्या पदरात लांबून भाकर टाकत. त्यात आम्हाला कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

संध्याकाळी मी मुलाला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. विहीर, घडा, तांब्या, बायको काय म्हणाली तेही. तो म्हणाला, "माझे आजोबा आमच्या बंदरावर एका भारतीय व्यापाऱ्याकडे हमाल होते. गोरा आला की त्याला खुर्ची. शेटची स्वतःची गादी. आजोबांना मागच्या दाराशी ओंजळीत पाणी. आजोबा म्हणायचे, कायदा गोऱ्यांचा होता, पण शेटला तो शिकवावा लागला नाही."

मग म्हणाला, "मला वाटलं होतं, शेटसारखी माणसं तिकडे येऊन तशी झाली असतील."

मी हात जोडून माफी मागितली. त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंपाचं झाकण काढून बाजूला उभा राहिलो. बायको दारात आली, तिला म्हटलं, "आज तो स्वतः घेईल." मुलगा फाटकातून आला. खांद्यावर दुकानातून विकत आणलेला पाण्याचा जार होता. त्याने मला नमस्कार केला आणि सरळ खोलीत गेला. महिना संपून तो गेला, तोवर त्याने आमच्या घरचा थेंबही घेतला नाही.