सोड्यांच्या वासाची साक्ष

सोड्यांचा वास आला की मला कोर्ट आठवतं. उन्हात वाळून तांबूस झालेल्या कोलंबीचा तो खारट, दाट, किंचित गोडसर वास! रत्नागिरीच्या बाजारातून जाताना तो अंगावर आला, की इतरांना गरम भात आठवत असेल. मला मात्र काळा कोट आठवतो, साक्षीदाराचा पिंजरा आठवतो आणि हळूच नाकाला रुमाल लावणारे न्यायाधीश आठवतात. वासांच्या आणि आठवणींच्या या जोड्या कोण जुळवतं, कोण जाणे.

मी कायदा इंग्रजीत शिकले. त्यामुळे कोर्टात उभी राहिले की कलमं धडाधड सुचतात आणि मराठी वाक्य मात्र ओठांपर्यंत येऊन मागे फिरतं. ज्या वकिलांकडे मी काम शिकते, त्यांना सगळे काका म्हणतात. फौजदारी बचावात त्यांचा हात धरणारं कोणी नाही, आणि कोर्टाच्या आवारातलं एकही कुत्रं असं नाही ज्याने त्यांच्या खिशातलं बिस्किट खाल्लेलं नाही. अशील पहिल्यांदा आला की काका कागद बघत नाहीत. त्यांचा कुत्रा तांबू कुठे बसतो ते बघतात. "बाय, ज्याच्या पायाशी तांबू झोपला, तो निर्दोष," असं ते मला गंभीरपणे सांगतात. हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं विचारायचं धैर्य मला झालं नाही. गुन्हा कबूल केलेल्या एका माणसाच्या पायाशीही तांबू घोरत पडला होता, हेही मी बोलले नाही.

सुनंदा आली तेव्हा तांबू तिच्या पायाशी झोपला. मालगुंडच्या अलीकडच्या एका वाडीत ती सुमनवहिनींकडे धुण्याभांड्याला होती. वहिनींच्या सोन्याच्या पाटल्या नाहीशा झाल्या, आणि घरात येणारं परकं माणूस एकच, म्हणून संशय सुनंदावर गेला. पोलिसात तक्रार झाली, आणि शिवाय ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणंही घातलं गेलं: ज्याने नेलं त्याने आणून द्यावं. थोड्याच दिवसांत, भल्या सकाळी, पाटल्यांची कापडी पिशवी फाटलेल्या अवस्थेत वहिनींच्या पायरीवर पडलेली सापडली. देव पावला! आणि देव पावला म्हणजे चोर घाबरला, चोर घाबरला म्हणजे तो जवळचाच, असं सगळ्या वाडीने ठरवून टाकलं. ऐवज मिळाला, पण सुनंदाची कामं सुटली. ती दिसली की बायका वाळत घातलेले कपडे काढून घेत. "मी नाय वो घेतलं," एवढंच ती म्हणायची. तिच्या आवाजात रागापेक्षा थकवा जास्त होता.

खरं सांगते, माझा तिच्यावर विश्वास होता की नव्हता, हे मलाच कळत नव्हतं. पुरावा तिच्या विरुद्ध नव्हता, बाजूनेही नव्हता. होता फक्त तांबू.

सुनावणीच्या सकाळी हवालदार मुद्देमालाचं पाकीट घेऊन फाटकातून आत आले, आणि त्यांच्या मागे, वरातीत चालावीत तशी, आवारातली सगळी कुत्री. "हाड! हाड!" करत ते पायऱ्या चढले, कुत्री दारापाशी ओळीने बसली. लोक हसले. काका मात्र हसले नाहीत. उलटतपासणीत त्यांनी ती पिशवी मागून घेतली, हुंगली आणि मऊ आवाजात विचारलं, "वहिनी, पाटल्या कपाटात होत्या ना?"

"होय."

"मग कपाटात सोडे ठेवता काय वो?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग जवळजवळ चिडून त्या म्हणाल्या, "चोर कपाटच बघतो! सोड्यांच्या डब्यात कोण हात घालतोय?"

सोनं म्हणजे लक्ष्मी. ती सुक्या मासळीत पुरून ठेवली, हे नवऱ्यासमोर आणि पोलिसांसमोर कसं सांगायचं, म्हणून कपाट सांगितलं. रविवारी सोडे काढताना पिशवी मागीलदारी ठेवली आणि विसरल्या, हेही मग निघालं. पुढचं वाडीतल्या लहान मुलानेसुद्धा सांगितलं असतं. त्यांच्याच घरच्या कुत्र्याने नेलंन, चघळलंन, आणि सोनं काही चाववेना म्हणून सवयीप्रमाणे पायरीवर आणून टाकलंन. पिशवीवरची भोकं आम्ही सगळ्यांनी पंचनाम्याच्या कागदावर वाचली होती. त्यांच्याकडे दातांच्या खुणा म्हणून कोणी पाहिलं नव्हतं.

सुनंदा निर्दोष सुटली. पण माझा गोंधळ तिथेच सुरू झाला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, तिनेही त्याच देवासमोर गाऱ्हाणं घातलं होतं: खरं काय ते बाहेर येऊ दे. वहिनी अजूनही म्हणतात, देवानेच आणून दिलं. मग देवाने नेमकं कोणाचं ऐकलं? काकांना विचारलं तर म्हणाले, "कुत्र्याचं. त्याला भूक लागली होती."

वहिनी खाली मान घालून आल्या. "उद्यापासून येशील ना गो?"

"येईन वैनी," सुनंदा म्हणाली, "पण आधी डब्याला कुलूप घाला. आणि मी नाय घेतलं, ते देवळात सगळ्यांसमोर बोला." वहिनींनी, मला दिसेल न दिसेल अशी, मान डोलावली.

जाताना सुनंदाने माझ्या हातात सोड्यांची पुडी कोंबली. ती पर्समध्ये ठेवून मी घराकडे निघाले, तर मागे तीन कुत्री. थांबले की थांबत, चालले की चालत. दुकानांतून माणसं वळून बघू लागली, आणि ज्या मला कोणी बघितलेलंच आवडत नाही, त्या माझे कान तापले. काय नेलंय हिने? त्या नजरांत तेवढंच होतं. मी काहीच नेलं नव्हतं. तरी पर्स छातीशी घट्ट धरून, अपराध्यासारखी, मी भराभर चालत होते. सुनंदा किती महिने अशी चालली असेल?

आणि त्या वासाचं काय? सगळ्या रस्त्याला तो येत होता. मला मात्र, पुडी इतकी जवळ असून, तो येईनासा झाला होता.