मैनुद्दीनचाचांचा उलटा हेडर

कसबा पेठेत राहणाऱ्या मैनुद्दीन अत्तारांच्या टेबलावरच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायची खराडीच्या त्या ऑफिसात कुणाची टाप नव्हती. "अहो, तो चिमटा आहे, चमचा नाही," एवढं एक वाक्य आलं की भलेभले इंजिनीअर हात खिशात घालून उभे राहायचे. माणूस खडूस नव्हता हो, शिस्तीचा होता. इम्युलेटर जोडायचा तर आधी बोर्डाची वीज बंद, मग लॅपटॉपचा चार्जर काढायचा, मग मनगटाला अर्थिंगचा पट्टा, मग केबलची लाल कड एक नंबरच्या पिनेला, आणि सगळ्यात शेवटी वीज. क्रम चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

इम्युलेटर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. एक टोक लॅपटॉपला, दुसरं टोक बोर्डावरच्या हेडरला, म्हणजे दोन ओळींत उभ्या चौदा पिनांना. जोडली की बोर्डावरच्या चिपच्या पोटात काय चाललंय ते पडद्यावर दिसतं. आणि या ऑफिसातल्या बोर्डावरची चिप होती आवाजाचा हिशोब करणारी, सिग्नल प्रोसेसर. कंपनी तान्ह्या बाळांचं ऐकणं तपासायची मशीन बनवायची. बाळाच्या कानातून परत येणारा बारीकसा आवाज गोंगाटातून वेगळा काढायचं काम त्या चिपचं.

मैनुद्दीनचाचा या धंद्यात आले ते इंद्रजीत सरांमुळे. त्याआधी पेठेत त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि टेपरेकॉर्डर तर लोकांनी केव्हाच माळ्यावर टाकले होते. कंपनीचे मालक इंद्रजीत सर आपला जुना टेप घेऊन आले, आतलं सोल्डरिंग भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "उद्यापासून माझ्याकडे या. इथे तुम्ही माश्या मारताय, आणि त्याही मरत नाहीयेत." त्या एका वाक्यावर दोन मुलींची शिक्षणं झाली, लग्नं झाली. अल्लानंतर आपल्यावर कुणाचे उपकार असतील तर त्या माणसाचे, असं चाचा आजही येईल त्याला सांगतात, कुणी विचारलेलं नसलं तरी.

सर जाऊन तीन वर्षं झाली. जुने बोर्ड संपत आले तेव्हा कळलं, की मशीनचा मूळ प्रोग्राम सरांच्या कॉम्प्युटरवर होता आणि ती डिस्क केव्हाच मेलीय. विकलेल्या सगळ्या मशीनमधल्या चिपांना कुलूप, आतला प्रोग्राम वाचताच येत नाही. कुलूप नसलेला बोर्ड जगात एकच उरला होता, चाचांनी चौदा वर्षांपूर्वी स्वतः जोडलेला पहिला बोर्ड. त्यातून प्रोग्राम वाचून घेतला तर नवे बोर्ड बनतील. तो जळला तर सत्तर सरकारी दवाखान्यांतली मशीनं एकामागून एक बंद पडणार, आणि दुरुस्त करायला हातात काही नसणार.

शनिवारी सकाळी नम्रता मॅडम तो बोर्ड घेऊन बसल्या. आठ वर्षांपूर्वी आल्या तेव्हा चाचांनीच त्यांना सोल्डरिंगची गन धरायला शिकवली होती, आता त्या सगळ्या टीमच्या प्रमुख. वीज बंद, चार्जर बाहेर, पट्टा मनगटाला. सगळं चाचांच्या क्रमाने. मग त्यांनी बोर्ड पालथा केला, आणि बाजूला उभ्या असलेल्या चाचांना इतक्या वर्षांत विसरलेली गोष्ट आठवली.

हेडर खालच्या बाजूने बसवलेला होता. चौदा वर्षांपूर्वी खोक्यात बोर्ड पालथा बसणार म्हणून चाचांनी तो तसा लावला, आणि पिनांच्या दोन ओळींची त्यामुळे अदलाबदल होते हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. प्लग बसेना. उलटा बसू नये म्हणूनच हेडरची एक पिन कापलेली असते आणि प्लगचं तेच भोक बंद असतं. पण चाचांना वाटलं, प्लगच सदोष! त्यांनी सुई तापवून ते भोक उघडलं. असले उद्योग फक्त हुशार माणसंच करतात. वीज दिली, बारीक धूर निघाला आणि नवी कोरी डबी मेली, तेव्हा कुठे चूक कळली. सरांनी विचारलं, काय झालं? चाचांच्या तोंडून निघून गेलं, "डबीच खराब आली असेल, सर." सरांनी प्लग हातात घेऊन बघितला आणि दुसरी मागवली. चाचांनी गुपचूप तारा उलटसुलट जोडून एक केबल बनवली आणि त्या बोर्डाला पुढे कायम तीच वापरली. ऑफिस पेठेतून खराडीला आलं तेव्हा ती केबल भंगारात गेली.

नम्रता मॅडमच्या हातातल्या नव्या डबीच्या प्लगला बंद भोक नव्हतंच. सगळं मोकळं. तो बिनतक्रार बसणार होता. पुढच्या महिन्यात चाचा निवृत्त होणार होते, निरोपाचा हॉलसुद्धा ठरला होता. पण प्लग हेडरला टेकतोय असं दिसलं आणि त्यांचा हात आपोआप पुढे झाला.

"थांबा, मॅडम. हेडर उलटा आहे. मीच बसवलाय."

आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. सुई, धूर, खोटं बोलणं, काहीही न वगळता.

नम्रता मॅडम प्लग हातात धरून ऐकत होत्या. "चाचा, आठ वर्षं तुम्ही लाल कड, लाल कड करून माझा जीव खाल्लात!"

"म्हणूनच खाल्ला," चाचा म्हणाले.

जुना हेडर काढायला जावं तर बोर्डावरच्या तांब्याच्या रेषाच उखडायच्या. मग चाचांनी पुन्हा केबल बनवायला घेतली. तेरा तारा, कापलेल्या पिनेची सोडून. डोळ्यांना पूर्वीसारखं दिसत नव्हतं, भिंग मॅडमनी धरलं. प्रत्येक तार मीटरने दोनदा तपासली, तिसऱ्यांदा मॅडमनी तपासली. जेवायची वेळ टळून गेली. मग प्लग बसला, चाचांनी बिस्मिल्ला म्हटलं आणि वीज दिली. धूर नाही, वास नाही. पडद्यावर चिपचं नाव उमटलं आणि प्रोग्राम आकड्याआकड्याने खाली उतरायला लागला. "या अल्ला, शुक्र आहे!" म्हणत चाचा स्टुलावर बसले ते बसलेच.

नम्रता मॅडम शेवटपर्यंत चाळत गेल्या. आकड्यांच्या अगदी शेवटी साधी इंग्रजी अक्षरं दिसली, पण भाषा मराठी. त्यांनी मोठ्याने वाचलं.

"हेडर उलटा आहे. हे वाचत असाल तर केबल बरोबर जोडलीत, अभिनंदन. मैनुद्दीनवर ओरडू नका. चूक कबूल करायला तो घाबरला, पण असं सोल्डरिंग पुण्यात दुसरं कुणी करत नाही. इंद्रजीत."

चाचांनी चष्मा काढला. सरांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि एका शब्दाने बोलले नव्हते. चाचा रडले, अगदी पोटभर, आणि कुणी बघतंय याची लाज वाटली नाही त्यांना. नम्रता मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मॅडम," पाणी पिऊन ते म्हणाले, "तेवढ्या ओळींची एक प्रिंट मिळेल? बायकोला, जुबेदाला दाखवायचीय. तिलाही मी डबी खराब आली असंच सांगितलंय."