माने सरांचा कोश आणि बारावं नाव

चार जुने मित्र जमले आणि कुणी नुसतं "माने सर" म्हटलं, की घरी जायला उशीर झालाच म्हणून समजा. एक किस्सा संपतो न संपतो तोच दुसरा म्हणतो, "अरे, ते कुस्तीचं सांग की!" आता इतके साठलेत की त्यातलं घडलेलं किती आणि आम्ही सांगून सांगून वाढवलेलं किती, याचा मलाच संशय येतो. संशय घ्यायची सवयही सरांनीच लावलेली.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाची. साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात इंटरनेट नुकतं आलं होतं. म्हणजे प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये एक फोन होता आणि तो मोकळा असला तर इंटरनेट होतं. पुण्यातल्या एका माजी विद्यार्थ्यानं कळवलं, गावागावांची माहिती लिहून फ्लॉपीवर पाठवा, मी वेबसाइटवर चढवतो, आपण गावांचा कोश करू. इतिहासाच्या माने सरांनी आम्हा बी.ए.च्या मुलांना कामाला जुंपलं. नियम दोनच. प्रत्येक वाक्याखाली आधार द्यायचा, म्हणजे ही माहिती कुठून मिळाली ते लिहायचं. आणि कुणीही कुणाचंही लिखाण दुरुस्त करायचं, पण खाली स्वतःचं नाव टाकायचं.

सर म्हणजे, शिपायानं पाण्याची टाकी धुतली म्हटलं तर स्वतः शिडी चढून आत डोकावणारे. आमचे प्रिंटआउट लाल पेनानं रंगून यायचे. समासात एकच शब्द: "आधार?"

*

पहिला बळी बाळू. कोरेगावकडचा, माझा रूम पार्टनर. त्यानं लिहिलं, आमचं देऊळ सातशे वर्षांचं आहे. आधार: आजी.

"आजीचं वय काय?" सरांनी विचारलं.

"ऐंशी, सर."

"मग आधीची सहाशेवीस वर्षं कोण बघत होतं?"

दुसऱ्या दिवशी बाळूनं आजीचं नाव खोडून एका जाडजूड इतिहासाच्या पुस्तकाचं नाव घातलं आणि पुढं लिहिलं, पान २१४. आम्हाला वाटलं, सुटला. सर उठले, लायब्ररीत गेले, पुस्तक काढून आणलं आणि बाळूपुढं ठेवलं. पुस्तक एकशेऐंशी पानांत संपत होतं.

"उरलेली चौतीस पानं सोमवारपर्यंत लिहून आण," सर म्हणाले.

*

हा दुसरा प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्या वर्गातल्या शोभानं तिच्या गावाची नोंद लिहिली होती. गावच्या चावडीसमोर एक दगड आहे, लढाईत गेलेल्या जवानांची नावं कोरलेला. दगडावर नावं अकरा. शोभानं लिहिली बारा. बारावं नाव तिच्या आजोबांचं, गेनू लक्ष्मण. दुसऱ्या महायुद्धात बर्माकडं गेले ते परतलेच नाहीत.

सरांनी त्या एका नावावर लाल रेघ मारली. "दगडावर नाही. आधार?"

शोभा उभी राहिली. खालच्या आळीतलं, बौद्ध वस्तीतलं तिचं घर. एरवी वर्गात ती तोंड उघडत नसे. म्हणाली, "बाळूच्या आजीवर तुम्ही प्रश्न विचारलात, सर. माझ्या आजोबांवर सरळ रेघ मारलीत. दगड कुणी बसवला, कुणाची नावं घातली, हा संशय तुम्हाला कसा आला नाही?"

सरांचा चेहरा उतरला, पण रेघ त्यांनी मागं घेतली नाही. "कागद आण, मी स्वतः नाव घालतो. फ्लॉपी महिनाअखेर पुण्याला जाईल, त्याच्या आत आण."

कागद होता. शोभाच्या आजीचा, पेन्शनचा. पण आजी तो हातातून सोडेना. दगड बसवायच्या वेळी गावातल्या मोठ्या माणसांनी असाच एक कागद "नाव घालायला" म्हणून नेला होता. नावही आलं नाही आणि कागदही. मला तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता, अजूनही थोडा आहे.

*

सरांना आमचा संशय, तर गावांना आम्हा सगळ्यांचाच. वही घेऊन गावात शिरलं की लोक दारं लोटायचे. बाळूच्या गावापलीकडं एका वस्तीवर गेलो. एक म्हातारबा विहिरीच्या कठड्याला टेकून बसले होते.

"कंच्या खात्याचं तुमी?"

"खात्याचे नाही आबा, कॉलेजचे."

"मग वही कशाला?"

बाळूनं समजावलं, गावाची माहिती लिहितोय, जग वाचणार आहे. म्हातारबांचे डोळे आणखी बारीक झाले. नव्या कालव्यात जमीन जाणार अशी आवई त्या भागात उठलेली, आणि आम्ही त्याच मोजणीचे, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"विहिरी किती आहेत गावात?"

"हिर? येक बी न्हाई बाबा."

पाठीमागं मोटर चालू होती आणि पाइपातून धो धो पाणी पडत होतं. आम्ही तिथंच ओंजळीनं पाणी प्यालो. म्हातारबांनी "सावकाश, ठसका लागंल" असं मायेनं सांगितलं, पण विहीर शेवटपर्यंत कबूल केली नाही.

नोंदीत मी लिहिलं: विहीर एक. आधार: तिचं पाणी प्यालो. सरांनी आक्षेप न घेतलेलं माझं ते एकमेव वाक्य.

*

आता माझीच एक लबाडी सांगतो. मी आष्ट्याजवळच्या गावचा. गावाचं नाव एका झाडावरून पडलं, असं मी अंदाजानं लिहिलं होतं. सर आधार मागणार हे ठाऊक होतं. म्हणून सुट्टीत घरी गेलो तेव्हा ती गोष्ट सरपंचांच्या कानावर घातली. त्यांना ती लय आवडली. झेंडावंदनाच्या भाषणात त्यांनी ती रंगवून सांगितली, वर चार फांद्या पदरच्या जोडल्या. मी लगेच आधार लिहिला: सरपंचांचे जाहीर भाषण.

सरांनी वाचलं, चष्मा काढला. "सरपंचांना कुणी सांगितलं?"

मी फरशीकडं बघत राहिलो. फरशी चांगली होती.

*

आणि ती कुस्ती. एका जत्रेत बाळूच्या गावचा पैलवान आणि माझ्या गावचा पैलवान भिडले होते, आमच्या जन्माच्या आधी. बाळूनं लिहिलं, त्यांचा जिंकला. मी दुरुस्त केलं, आमचा जिंकला. सकाळी बघतो तर पुन्हा त्यांचा. आठवडाभर हेच चाललं. आम्ही एका खोलीत राहत होतो, एका ताटात जेवत होतो आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हतो.

एका सकाळी कॉम्प्युटर लॅबमध्ये फाइल उघडली तर भलताच पैलवान जिंकलेला. खाली नाव कुणाचंच नाही. सर लॅबच्या कपाटामागं खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी दुपारी चोर पकडला. लॅब उघडणारे शिंदे मामा. एका बोटानं टाइप करत होते.

"मामा, हा कोण पैलवान?"

"चुलता माजा. त्या जत्रंत त्येची कुस्तीच लागली न्हाई, सायेब. लागली असती तर दोगास्नी बी चितपट केलं असतं."

सरांनी नोंदीत लिहिलं: निकालाबद्दल मतभेद आहेत. आणि खाली स्वतःचं नाव टाकलं.

*

फ्लॉपी जायच्या आदल्या दिवशी शोभाची आजी स्वतः कॉलेजात आली. कागद पोलक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला. सरांनी झेरॉक्स काढू का विचारलं तर म्हणाली, "न्हाई. मास्तर, तुमी हितंच बगा. मी धरती, तुमी वाचा."

तिनं दोन्ही हातांनी कागद धरला. सर वाकून वाचू लागले. गेनू लक्ष्मण. पलटणीचा नंबर. लढाईत ठार. खाली विधवेचं नाव. सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, मग खुर्ची ओढून स्वतः टाइप करायला बसले. बारा नावं. आधार: पेन्शनचा कागद, समक्ष पाहिला. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ घातली: दगडावरील यादी अपुरी आहे.

शोभानं आजीला सगळं वाचून दाखवलं. आजीनं पडद्यावर बोट टेकवून विचारलं, "कोन कोन बगणार ह्ये?"

"सगळं जग बघेल, आजी," सर म्हणाले.

"आन् गावातलं?"

गावात कॉम्प्युटर नव्हता. आजीनं कागदाची घडी घातली, पोलक्यात ठेवली.

"मग ह्ये छापून द्या आन् चला माज्यासंगं चावडीवर. दगडाच्या बुडाला येका नावाची जागा सुटल्याली हाय. मी दर सालाला वीत लावून बगती."