टाकीची धूळ

माझ्या बायकोला दुखणं लागलं त्याला आता पाचवं वर्ष. सुरुवातीला थंड पाण्यात हात घातला की तिची बोटं पांढरी पडायची, मग निळी. शिंदखेड्यात थंडी कडाक्याची, बोटं निळी पडणारच, असं मीच म्हणालो होतो. मला सगळ्यातलं कळतं, ही माझी जुनी खोड. पुढे कातडी ताठली, मूठ मिटेना. संधिवात समजून धुळ्याला दीड वर्ष गोळ्या झाल्या. शेवटी जळगावच्या एका डॉक्टरांनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले आणि नाव सांगितलं, स्क्लेरोडर्मा. शरीराची राखण करणारी शक्ती शरीरावरच उलटते, म्हणाले. फार थोड्यांना होतो. आयुष्यात लॉटरी लागली ती ही.

कशामुळे होतो ते पक्कं कुणालाच माहीत नाही, असं सांगून त्यांनी प्रश्न विचारले. घराण्यात कुणाला होता का? रंग, थिनर असल्या कशात काम केलंय? दगडाचं काम, खाणीवर, क्रशरवर? आम्ही दोघांनी एकदमच नाही म्हटलं. आमची पिठाची गिरणी आहे, मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढचं विचारलं.

गावात मात्र ज्याच्या त्याच्याकडे कारण तयार. कुणी म्हणे फ्रिजचं पाणी, कुणी म्हणे नजर. बायकोने स्वतःच एक कारण धरलं होतं आणि ते सगळ्यांत वाईट होतं. श्रावणात आमच्याकडे घरोघर कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू धुऊन पुसून घेतलेल्या गिरणीवरच दळायचे, आधीचं दुसरं पीठ लागलेलं चालत नाही. एका वर्षी गर्दीच्या घाईत तिने बाजरीच्या दळणावरच कुणाच्या तरी रोटाचे गहू टाकले आणि गप्प राहिली. त्याच वर्षी थंडीत बोटं पांढरी पडली.

"मनंच चुकनं," ती म्हणायची. "माय कोपनी."

मी चिडायचो. चिमूटभर बाजरीसाठी बाईचे हात नेणारी देवी कसली, असं बोलून जायचो. त्याने ती आणखीच घाबरायची. आठवड्याला दोन कडक उपास धरले तिने. तोंड आवळत चाललेलं, घास आत जाईना, त्यात हे. दुष्काळात तेरावा महिना. तिची हाडं दिसू लागली. अशी उपाशी राहिली तर औषध काय करणार, म्हणून डॉक्टर माझ्यावर रागावले. मी तिच्या हातापाया पडलो, ओरडलो, एकदा ताटही आपटलं. तिने ऐकलं नाही.

एका दुपारी पीठ भरड आणि गरम यायला लागलं, म्हणजे दगड गुळगुळीत झाला होता. शटर ओढून मी वरचा दगड उलटवला आणि टाकी, म्हणजे दगडाला खाचा पाडायची छिन्नी, घेऊन घाव घालायला बसलो. हे काम पूर्वी तिचं; तिची मूठ मिटेनाशी झाल्यापासून एक कारागीर येऊन करून जायचा, त्या दिवशी तो आला नव्हता. तिचे वडील भडगावकडचे गिरणीवाले, त्यांनी शिकवलेलं. तुझ्यासारखा हात माझा नाही, असं म्हणून मी चौकात चहाला निघून जायचो. तिचा हात चांगला होता हे खरं, मी आळशी होतो हे त्याहून खरं. वीस वर्षं, दर पंधरा दिवसांनी, शटर ओढून ती एकटी त्या धुळीत बसली. मला खोकल्याची उबळ आली आणि डॉक्टरांचा प्रश्न आठवला. दगडाचं काम? आमच्याकडे दगडाचं काम म्हणजे खाण. टाकी लावणं हे गिरणीचं काम, पट्टा बदलण्यासारखं. त्याला दगडाचं काम म्हणावं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. मी टाकी खाली ठेवली आणि रडलो.

रिपोर्ट दाखवायच्या निमित्ताने जळगावला एकटाच गेलो. डॉक्टर म्हणाले, दगडाच्या धुळीवर संशय आहे खरा. पण तुमच्या सासऱ्यांना काही झालं होतं? नव्हतं. सासरे म्हातारपणापर्यंत टाकी चालवत होते, हात शेवटपर्यंत धड. मग मी ठामपणे कसं सांगू, ते म्हणाले. धूळ असेल, नसेलही. आणि कारण सापडलं तरी गेलेले हात परत येत नाहीत. मी शिक्षा मागायला गेलो होतो, तीसुद्धा मिळाली नाही.

घरी आलो तेव्हा ती ओट्यावर बसली होती. सोमवार होता, उपास.

"काय म्हने डाक्टर?"

"टाकीनी धूळ," मी म्हणालो. "डाक्टर म्हने, पक्कं तेच शे. कानबाईना काही संबंध नही."

मग तिने दुधात भाकरी कुस्करून मागितली. मी कुस्करून दिली, चमच्याने भरवली. अर्ध्या तासात तिने वाटी संपवली. मला इतकं बरं वाटलं की पुढच्या प्रश्नासाठी मी तयारच नव्हतो.

"तुमले आधीपासून माहीत व्हतं?" आवाज न चढवता तिने विचारलं.

"नही," मी म्हणालो.

त्या दिवशी तिच्याशी मी खरं बोललो ते एवढंच. डॉक्टरांच्या नावावर खपवलेलं खोटं तिने लगेच मानलं, उपास सोडले. या 'नही'वर तिने विश्वास ठेवला नाही. अजून ठेवलेला नाही.