इंगळेच्या चपला

गजानन इंगळे फोनवर मोठ्या साहेबाशी बोलताना चपला काढायचा. साहेब असायचा पुण्यात नाहीतर पार परराज्यात, त्याला इंगळेचे पाय दिसायचं काही कारण नव्हतं. तरी फोन वाजला, नाव बघितलं, की इंगळे आमच्या अंगणात चपला काढून बाजूला सरकवणार, अनवाणी उभा राहणार आणि मान वाकवून म्हणणार, "तुमचं बरोबर आहे सर." साहेबाप्रमाणे हे इंग्रजीत व्हायचं नाहीतर मराठीत. मान दोन्ही भाषांत सारखीच वाकायची. उन्हाळ्यात अंगणातली फरशी तापायची. तेव्हा तो नाचत नाचत म्हणायचा, पण म्हणायचा.

मी एकदा विचारलं, "इंगळे, फोनमधनं पाय दिसत्यात व्हय?"

"पाय नाही दिसत जी, तात्या. पन पायात चप्पल असली का मानसाचा आवाज चढते."

मी अनवाणी उभं राहून सुनेला हाक मारून बघितली. आवाज होता तेवढाच होता.

इंगळे आमच्या घोटावड्याच्या घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहायचा. खालच्या खोल्यांत कारखान्यातली पोरं, वर हा. मूळचा अकोल्याकडचा, बायको-मुलं तिकडेच. त्याच्या हुद्द्याचं नाव इंग्रजीत होतं आणि लांब होतं. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं मास्तराचं आणि माझं पटलं नाही. त्यानं माघार घेतली नाही, मीही घेतली नाही. त्यामुळे ते नाव मला शेवटपर्यंत पाठ झालं नाही. पण काम मला पहिल्या आठवड्यातच कळलं. मी आमच्या भावकीतल्या बऱ्याच सोयरिकी जमवल्यात, आणि त्यातली एकही मोडलेली नाही. इंगळे मध्यस्थ होता. मुलगा-मुलगीच्या जागी दोन विद्यापीठं होती, एवढाच फरक.

एक विद्यापीठ पुण्याचं, दुसरं दक्षिणेतलं. दोन्हीकडे इंजिनियर घडतात. दोघांनी मिळून एक यंत्र करायला घेतलं होतं. लकवा मारलेल्या माणसाचा हात मुठीसारखा आवळून बसतो, तो उघडायला शिकवणारा हातमोजा. दक्षिणेच्या साहेबांनी मोजा केला, पुण्याच्या साहेबांनी त्याची अक्कल केली. अक्कल एका पेटीत असायची, पेटीतून वायर मोज्यात जायची. मोजा कधी ओढायचा, कधी सोडायचा, ते पेटी सांगायची.

आणि असा आवळलेला हात आमच्या घरातच होता. माझ्या बायकोचा, हिराचा. उजवा. लकव्यातून ती उठली, चालायला लागली, भांडायलाही पहिल्यासारखी लागली, पण उजवी मूठ उघडेना. धरलेलं तिला सोडता यायचं नाही. एकदा शेजारणीचा पदर धरला तर सोडवायला मला जावं लागलं. शेजारीण म्हणाली, "चांगली धरलीस गं हिरे." हिरा हसली. मग आत जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर आली नाही.

गावात बोलतात की हिराला मोजा मिळावा म्हणून इंगळेनं वशिला लावला. वशिला लावला नव्हता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हिराला तपासून, समजावून, मगच मोजा दिला. दर आठवड्याला त्या येऊन बघायच्या. रोज सकाळी ओट्यावर हिरा मोजा घालून बसायची आणि इंगळे समोर बसून म्हणायचा, "उघडा मावशी. घाई नाही. आपल्याले कुटं गाडी पकडाची हाय?" त्याला खरं तर नऊची गाडी पकडायची असायची.

महिने गेले. अंगठा थोडा सुटायला लागला. पेटी बंद केली की मात्र परत मिटायचा.

इकडे साहेबांचं बिनसलं. दक्षिणेचे साहेब म्हणायचे, हात सुटतोय तो मोज्यामुळे. पुण्याचे म्हणायचे, अक्कल नसेल तर मोज्यात काय आहे, कापूस. पेटीवर नाव कुणाचं आधी, यावरूनही रुसवा झाला. इंगळेनं दोन चिठ्ठ्या छापल्या, एकीवर एकाचं नाव वर, दुसरीवर दुसऱ्याचं, आणि पेटीच्या दोन बाजूंना चिकटवल्या. ज्याचा माणूस बघायला यायचा त्याच्याकडे ती बाजू फिरवायची. लग्नात दोन्हीकडच्या पत्रिका वेगळ्या छापतात, तसंच ते.

दोन्ही साहेब फोन इंगळेलाच करायचे, एकमेकांना कधी नाही. तो दोघांनाही म्हणायचा, तुमचं बरोबर आहे.

मी म्हटलं, "दोघांचं बरोबर, मंग चुकतंय कोन?"

"मी ना जी. त्याचाच तर पगार हाय मले."

शेवटी दोन्ही साहेबांनी ठरवलं, एकदा समोरासमोर बघू. यंत्र दोघांमुळे चालतंय असं पटलं तर एकत्र राहू, नाहीतर मोजेवाला मोजा घेऊन जाईल, पेटीवाला पेटी. म्हणजे दोघांचं तुटलं की आमच्या हिराचा हात मिटलेला तो मिटलेला. इंगळेनं हे मला जिन्यात थांबवून सांगितलं. तिला सांगू नका म्हणाला. तिला आधीच माहीत होतं. आमच्या जिन्यातलं सगळं स्वयंपाकघरात ऐकू येतं.

एवढ्या मोठ्या साहेबांना एकाच वेळी मोकळा दिवस मिळेना. इंगळेनं फोन करकरून एक दिवस काढला. दोघांनाही सुट्टी होती. सुट्टी कशाची, ते त्यानं गडबडीत बघितलं नाही. दसरा होता.

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पुजतात. विळा, कोयता, पहार, मोटारसायकल, सुनेचं शिलाई मशीन. पुजलेलं हत्यार दसऱ्याला शिलंगण करून आल्याशिवाय उचलत नाहीत. माझ्या आज्यानं उचललं नाही, बापानं उचललं नाही. त्या वर्षी हिरानं ती पेटीपण पूजेत मांडली. दोन्ही चिठ्ठ्यांवर हळदीकुंकू थापलं, वर झेंडूची माळ घातली.

साहेब दुपारी आले. पुण्याचे उंच, गप्प. दक्षिणेचे मिशीवाले, संध्याकाळचं विमान असलेले. इंगळेनं पेटी मागितली. हिरा म्हणाली, "आज न्हाई."

"मावशी, दहा मिनिटाचं काम हाय."

"इंगळेदादा, इळाबी पुजलाय आन पेटीबी. शिलंगण होऊ दे."

इंगळेनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ती म्हनतीया ते बरोबर हाय." आयुष्यात हे वाक्य मी तिच्यासमोर फार वेळा म्हटलेलं नाही.

साहेबांना इंगळेनं समजावून सांगितलं. दक्षिणेच्या साहेबांनी घड्याळ बघितलं. पुण्याचे म्हणाले, "एक साधी तारीख तुम्हाला नीट ठरवता येत नाही, इंगळे." इंगळे म्हणाला, "तुमचं बरोबर आहे सर." मग दक्षिणेच्या साहेबांनी तेच इंग्रजीत सुनावलं असावं, कारण मान परत वाकली. दोघे उठले. इंगळेचा चेहरा पोरगी नापसंत झालेल्या बापासारखा झाला होता.

तेवढ्यात हिरा म्हणाली, "दसऱ्याला आलेला पावना सोनं घेतल्याबिगर जायाचा न्हाई."

सोनंही शिलंगणानंतरच देतात. पण आमच्या घरात कुठला नियम पाळायचा आणि कुठला मोडायचा, ते तीच ठरवते. आपट्याची पानं टोपलीत होती. सोनं डाव्या हातानं देत नाहीत. तिनं डाव्या हातानं पान उचललं, उजव्या बोटांत धरलं, आणि तो उजवा हात दक्षिणेच्या साहेबांपुढे केला.

साहेबांनी ओंजळ पुढे केली. पान सुटेना. हिरा पानाकडे बघत होती. तिच्या कपाळावर घाम आला. साहेब बिचारे भले माणूस. त्यांना वाटलं बाईला त्रास होतोय, आणि त्यांनी पान ओढायला हात घातला.

"खिंचो मत!" इंगळे ओरडला. "रुको! हात लगाना नहीं!"

साहेबांनी हात मागे घेतला. आम्ही सगळेच मागे सरलो. इंगळेचा तो आवाज आम्ही पूर्वी ऐकला नव्हता. मी खाली बघितलं. पायात चपला होत्या.

मग तो हळूच म्हणाला, "उघडा मावशी. घाई नाही. विमान जाऊ द्या."

अंगठा हलला. मग पहिलं बोट. पान साहेबांच्या ओंजळीत पडलं. मोजा पेटीत, अक्कल पेटीत, पेटी झेंडूखाली, आणि हात आपला आपण उघडला.

"सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," हिरा म्हणाली.

पुण्याच्या साहेबांनाही तिनं तसंच दिलं. मग दोन्ही साहेब ओट्यावर तिच्या हाताच्या दोन्ही बाजूंना उकिडवे बसले आणि एकमेकांशी बोलायला लागले. मोजा आणि अक्कल दोन्ही मिळून हाताला हे शिकवतात, काढल्यावरही ते राहतं, असं काहीतरी चाललं होतं. मध्ये इंगळे लागला नाही. तो उभाच होता. हिरानं त्याला पान डाव्या हातानं दिलं. म्हणाली, "हात दमला. तू घरचाच हायस."

विमान चुकलं. साहेब आमच्याकडेच जेवले.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनीही तपासून तेच सांगितलं. दोन विद्यापीठांचा करार नव्यानं, पुढच्या काही वर्षांसाठी झाला. साहेब एकमेकांना थेट फोन करायला लागले. थेट बोलणं व्हायला लागल्यावर इंगळेच्या जागेची गरज उरली नाही. लग्न लागल्यावर मध्यस्थाला पहिल्या पंगतीला बसवतात, पण वरातीत कुणी शोधत नाही. हे मला माहीत होतं. त्यालाही असावं.

जाताना मी विचारलं, "वाईट न्हाई वाटत?"

"वाटते ना जी. पन त्यायचं बी बरोबर हाय."

आता तो नागपूरला आहे. तिथं दोन कॉलेजं मिळून श्वासाचं काही यंत्र करताहेत, आणि त्यांचं पटत नाही. चांगलं चाललंय म्हणाला.

यंदा दसऱ्याला त्याचा फोन आला. मी अंगणात होतो. तब्येत विचारली, हात विचारला. मी सांगितलं, भाकरी अजून वाकडी होते पण थापते. बोलून झाल्यावर फोन ठेवला तर ओट्यावरून हिरा म्हणाली, "आवो, पायाकडं बगा."

चपला बाजूला होत्या. मी म्हटलं, चिखल होता म्हणून काढल्या.

चिखल नव्हता.